साइड इफेक्ट नसलेली कॅप्सूल

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या थोडं अलीकडे, माझं औषधांचं दुकान आहे. वीस वर्षं मी त्या काउंटरमागे बसतो. माणूस मूळव्याधीचं मलम चारचौघांत मागतो. जुलाबाची गोळी मागताना तर सकाळपासून किती वेळा जाऊन आलो तेही सांगतो, मी विचारलेलं नसताना. एकच वस्तू अशी आहे की ती मागायला येणारा आधी खोकल्याच्या गोळ्या घेतो, मग बँडेजची पट्टी घेतो, मग पावसापाण्याचं विचारतो, आणि दुकान रिकामं झालं की मान वर न करता म्हणतो, "ते द्या की."

ते म्हणजे कॅप्सूल. माझ्याकडे त्यांचा एक अख्खा कप्पा होता आणि त्यात निम्मं प्राणिसंग्रहालय भरलेलं होतं. एका डबीवर उधळलेला घोडा, दुसरीवर सिंह, तिसरीवर बैल. एका कंपनीला बहुतेक प्राणी पुरले नसावेत, तिने उगवता सूर्य छापला होता. प्रत्येक डबीवर हिमालयातल्या दुर्मीळ वनस्पतींचा उल्लेख असे आणि खाली बारीक अक्षरांत कारखान्याचा जो पत्ता असे, त्या गावात सगळ्यात उंच काही असेल तर पाण्याची टाकी. शिवाय सगळ्यांवर एक वाक्य ठळक असे: शंभर टक्के आयुर्वेदिक, कोणताही साइड इफेक्ट नाही.

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने किती वेळा म्हटलं असेल, सांगता येणार नाही. टॉवेलच्या कारखान्यातून सुटून सायकलवर येणाऱ्या कामगारांना म्हटलं, तालुक्याहून कार घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांना म्हटलं. एक व्यापारी कानडीत बायकोशी फोनवर बोलत बोलत मला खुणेने दोन डब्या बांधायला सांगायचा. त्यालाही मी खुणेनेच सांगायचो, काळजी नको.

आता खरं सांगतो. या कॅप्सूल दोन प्रकारच्या होत्या. बहुतेक डब्या काहीच करत नसत. त्यांचं गिऱ्हाईक एकदा येई आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या प्राण्याकडे वळे. पण घोड्याची डबी वेगळी होती. तिचं गिऱ्हाईक परत येई, मित्राला पाठवी, आणि कधी हळूच म्हणे, "तासाभरात फरक पडतो, लई भारी आहे." मुळ्या आणि पाल्याची पूड तासाभरात असा फरक पाडत नाही, हे मला डी.फार्म.च्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण घोड्यावर मार्जिन असं होतं की माझं पहिलं वर्ष मला आठवत नसे.

अशा माझ्या दुकानात एक दिवस सर आले.

सरांनी आम्हाला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी एखादी गोष्ट पाठ करून घडाघडा म्हटली की सर थांबवायचे आणि विचारायचे, "कशावरून?" उत्तर आलं नाही की बसायला सांगायचे, बाकी काही नाही. निवृत्त झाल्यावर त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. चार वर्षं सरांनी स्वतःच्या हाताने भाजी-भाकरी केली. मग त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी लग्न केलं. बाई करकंब गावच्या, विधवा, बालवाडीत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या. सरांच्या मुलामुलींना हे अजिबात आवडलं नाही. पुण्यातली मुलगी मला फोनवर म्हणाली होती, "दादा, तुम्ही तरी समजवा, या वयात कशाला?" वडिलांनी त्या वयात एकट्याने भाकरी थापाव्यात, याला मात्र तिची हरकत नव्हती.

दर महिन्याला सरांच्या गोळ्या माझ्याकडूनच जात. साखरेची, ब्लडप्रेशरची, रक्त पातळ ठेवण्याची. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आल्यापासून जिभेखाली ठेवायची एक गोळीही त्यांच्या खिशात असे. ती वापरायची वेळ आलेली नव्हती.

त्या दिवशी सरांनी महिन्याच्या गोळ्या घेतल्या, खोकल्याच्या घेतल्या, बँडेजची पट्टी घेतली. मला कळलं. माझेच कान गरम झाले. ज्यांनी आपल्याला लिटमस कागद दाखवला, त्यांनी आपल्याकडे ही वस्तू मागावी, याची तयारी कुणी करून घेतलेली नसते.

"ती निळी गोळी असते," सर काउंटरकडे बघत म्हणाले, "ती मला चालेल का?"

इथे मी फार जबाबदारीने वागलो. आजही मला त्या जबाबदारीचं कौतुक वाटतं. मी म्हणालो, "सर, तुम्हाला ती अजिबात चालणार नाही. तुमच्या खिशातली गोळी आणि ती गोळी एकत्र आल्या तर प्रेशर एकदम खाली जातं. माणूस दगावतो."

सरांनी मान हलवली. चेहऱ्यावर वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या मुलाचा भाव होता. मला त्यांची दया आली. आणि दया आल्यावर मी मागे वळून घोड्याची डबी काढली.

"ही घ्या. हर्बल आहे. हिला साइड इफेक्ट नाही."

सरांनी डबी हातात घेतली, चष्मा वर करून मागचं पुढचं वाचलं. "कशावरून?" असं ते विचारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी विचारलं नाही. चाळीस वर्षं प्रत्येकाला तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाने नेमका त्या दिवशी विचारला नाही, कारण आपल्या विद्यार्थ्यासमोर त्यांना लवकरात लवकर ते दुकान सोडायचं होतं.

महिन्याभराने सर आले ते ताठ चालत. खोकल्याची गोळी नाही, पट्टी नाही. पिशवीतून शेंगाचटणीची बरणी काढून काउंटरवर ठेवली. "घरून पाठवलीय," म्हणाले. "तुमच्या औषधानं तरतरी आली म्हणून." बाईंना तरतरीचं औषध एवढंच सांगितलेलं होतं. मी चटणी ठेवून घेतली आणि वरून सल्ला दिला, "सर, अधूनमधून घेऊ नका. तीन महिन्यांचा कोर्स करा. दुपारी एक, रात्री एक, दुधाबरोबर." हा सल्ला मला कंपनीच्या माणसाने शिकवला होता. त्याला तो कुणी शिकवला, हे मी विचारलं नव्हतं. सर आयुष्यभर वेळापत्रकाने जगलेले. त्यांनी कोर्स सुरू केला.

उन्हाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी पाच दिवसांनी नळाला पाणी आलं, तेही भर दुपारी. सर जेवून, कॅप्सूल घेऊन आडवे झाले होते. उठून त्यांनी खालच्या हौदातून वरच्या पिंपात बादल्या न्यायला सुरुवात केली. पाचव्या की सहाव्या बादलीला छातीत कळ आली. बाईंना डॉक्टरांनी सगळं नीट शिकवलं होतं. त्यांनी सरांना पायरीवर बसवलं, खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली. अगदी बरोबर केलं. दोन-तीन मिनिटांत सर घामाने भिजले, डोळे पांढरे झाले आणि ते बाईंच्या अंगावर कोसळले.

बाईंचा फोन मला आला, कारण मी सगळ्यात जवळचा. "लवकर या, सर कायबी बोलंनात," एवढंच म्हणाल्या. मी शटर अर्धं ओढून धावलो. रिक्षात घालून आम्ही त्यांना जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं, सरांचे पाय उंच करायला लावले आणि सलाईन जोरात सोडलं. मग बाईंकडे वळल्या.

"जिभेखाली किती गोळ्या दिल्या?"

"एकच."

"नक्की?"

"व्हय. पाकिटात बाकीच्या हायत, बघा की."

"एका गोळीनं इतकं प्रेशर पडायला नको होतं. अजून कोणकोणती औषधं घेतात?"

बाईंनी सगळी औषधं नावानिशी, वेळेनिशी सांगितली. एकही चुकली नाही. बालवाडीच्या मुलांची हजेरी घेतल्यासारखी त्यांनी ती हजेरी घेतली. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. मी बाजूला उभा होतो आणि मला माहीत होतं की हजेरीत एक नाव राहिलंय; तरतरीचं ते औषध बाईंच्या लेखी टॉनिक होतं, औषधांत मोडत नव्हतं.

सर थोडे शुद्धीवर आले होते. त्यांनी डोळे उघडले ते नेमके माझ्याकडे. बोलता येत नव्हतं, पण त्या नजरेत काय होतं ते मला समजलं. सांगू नकोस.

मला ते फार सोयीचं होतं. सरांची इच्छाच नाही म्हटल्यावर मी कोण सांगणारा? मनात मी असंही म्हटलं की हर्बलच तर आहे. सलाईनने प्रेशर चढतंय. उगाच बाईंसमोर सरांची लाज कशाला काढा. दुकानाचा परवाना वगैरे विचार माझ्या मनात आलेच नाहीत असं मला लिहायला आवडलं असतं.

दहा-एक मिनिटं गेली. प्रेशर बरंच वर आलं. आणि सरांच्या छातीत पुन्हा कळ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी बघितली आणि सिस्टरला सांगितलं की आता प्रेशर ठीक आहे, नायट्रोचं ड्रिप हळूहळू चालू करू.

ते ड्रिप म्हणजे जिभेखालच्या गोळीचाच मोठा भाऊ. एका गोळीने ज्याला कोसळवलं होतं, त्याच्या शिरेत तेच औषध जाणार होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "ते देऊ नका."

"का?"

"सर अजून एक औषध घेतात. हर्बल आहे."

"कशासाठी?"

मी बाईंकडे बघितलं नाही. "ताकदीसाठी," म्हणालो. मग वाटलं की या शब्दाने काम भागणार नाही. "पुरुषांच्या ताकदीसाठी. तासाभरात परिणाम होतो."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "शेवटची कधी घेतली?"

"आज दुपारी. जेवण झाल्यावर."

"कुठून आणतात?"

"माझ्याकडून," मी म्हणालो. "माझं मेडिकल आहे."

त्यांनी सिस्टरला हाताने थांबवलं आणि केसपेपरवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं की दोन दिवस नायट्रेट द्यायचं नाही. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही फार्मासिस्ट आहात. तासाभरात काम करणारी वनस्पती तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलीत? अशा कॅप्सूलमध्ये निळ्या गोळीचंच औषध कुटून घालतात. किती घालतात ते त्यांनाही माहीत नसतं. या महिन्यात हा माझा पहिला पेशंट नाही."

 आठवी ते दहावी तीन वर्षांत मला इतकं नीट कुणी खाली बसवलं नव्हतं.

सर वाचले. दुसऱ्या औषधांनी कळ आटोक्यात आली, दोन दिवसांनी अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. त्या पहिल्या संध्याकाळी बाई आणि मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"किती दिस चाललं हुतं हे?" त्यांनी विचारलं.

"तीनेक महिने."

"आन् मी तुमाला चटणी धाडली."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"तुमाला एक इचारू? ते तुमच्याकडं आले, तुमी त्यास्नी औषध दिलं. कंपनीवाल्यानं तुमाला सांगितलं. एवढी माणसं ह्यात हायत. मला कुणी इचारलं का, बाई तुमची काय तक्रार हाय का?"

"नाही."

"न्हवतीच तक्रार. सांजच्याला दोघं मिळून चा पितो, ते पेपर वाचून दावत्यात, मला लई बरं वाटतं. बाकीचं झालं तर झालं." मग म्हणाल्या, "आता त्यास्नी काय वाटतं ते मला कुटं म्हाईत? त्यांनीबी मला इचारलं न्हाय."



पंधरा दिवसांनी घोड्याच्या कंपनीचा माणूस नेहमीप्रमाणे आला. पांढरा शर्ट, हातात बॅग, केसांना वासाचं तेल. मी त्याला विचारलं, "यात काय असतं?"

"शुद्ध वनस्पती, साहेब."

"मग तासाभरात काम कसं करते?"

तो जरासुद्धा गडबडला नाही. "वनस्पती ताज्या असतात ना, साहेब."

मी सरांबद्दल सांगितलं. त्याने हळहळ व्यक्त केली, मनापासून केली असावी. मग बॅगेतून प्लास्टिकमध्ये बंद केलेलं प्रमाणपत्र काढून दाखवलं. त्यावर सोनेरी शिक्का होता, सही होती, फक्त कुठल्या प्रयोगशाळेने दिलं ते नव्हतं. जाता जाता म्हणाला की हृदयवाल्यांसाठी कंपनी लवकरच सौम्य प्रकार काढतेय, घोड्याऐवजी हरीण असणार आहे.

मी न उघडलेली एक डबी घेऊन औषध खात्याच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. माझ्या दुकानाचीही तपासणी झाली, ती व्हायलाच हवी होती. काही महिन्यांनी अहवाल आला. कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल निघालं, म्हणजे निळ्या गोळीतलं औषध, आणि नेहमीच्या गोळीत असतं त्याहून जास्त. वनस्पतीही होती म्हणा. रंगापुरती होती. ती डबी बाजारातून गेली. थोड्याच दिवसांत तोच आकार, तीच कॅप्सूल, नवं नाव आणि गरुड घेऊन समोरच्या गल्लीत आली. कंपनीकडे प्राणी संपले तर पक्षी होतेच.

मी माझा कप्पा रिकामा केला. सगळाच, सिंह-बैलासकट. त्यातल्या काही निरुपद्रवी असतील, अश्वगंधेची एखादी चांगलीही असेल, पण कुठलीत खरोखर काय आहे हे मलाच ठाऊक नसताना मी दुसऱ्याला काय सांगणार? आता कुणी खोकल्याची गोळी आणि पट्टी घेऊन घुटमळलं की मीच विचारतो, "साखर तपासलीय का? प्रेशर?" या निमित्ताने मला नवं ज्ञान मिळालं. माणसाला घोड्याची डबी हवी असते तेव्हा त्याला साखर तपासायला सांगितलेली अजिबात आवडत नाही. बहुतेक जण "बघू की" म्हणतात आणि समोरच्या गल्लीकडे वळतात. टॉवेलच्या लूमवर काम करणारा एक गडी तेवढा तपासून आला. साखर तीनशेच्या वर होती. त्याने मला धन्यवाद दिले नाहीत. रागाने म्हणाला, "तुमच्याकडं आलो म्हणून निघाली." आता दर महिन्याला साखरेच्या गोळ्या न्यायला येतो आणि अजून रागातच असतो.

सर तीन-चार महिने दुकानाकडे फिरकले नाहीत. गोळ्या न्यायला बाई यायच्या. कामापुरतं बोलायच्या, पैसे द्यायच्या, जायच्या. एकदा मीच धीर करून सरांची चौकशी केली.

"हृदयाच्या डॉक्टरला दोघं मिळून भेटलो," त्या म्हणाल्या. "मीच म्हनलं, चला, दोघांचं हाय तर दोघं बोलू. ते लाजून भिंतीकडं बघत बसले, मी इचारलं सगळं."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणले, प्रेशरची जुनी गोळी हाय तिच्यानंबी असं हुतंय. साखरेनंबी हुतंय. गोळी बदलून दिली. रोज चालायला सांगितलं, आन् मनावर घिऊ नका म्हणले. एवढंच हुतं बघा. पहिल्यांदाच डॉक्टरला इचारलं असतं तर."

"मग आता बरं आहे ना?" मी विचारलं. खरंच सरळ मनाने विचारलं होतं.

बाईंनी गोळ्यांची पाकिटं मोजून पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"ते तुमाला कशाला पायजे?" म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून रिक्षा बघू लागल्या.